पडद्याआड गेलेले सहा महिने

बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' या नाटकात एक गोष्ट प्रेक्षकाला कधीच दिसत नाही, आणि सगळे नाटक तिच्यावरच उभे आहे. पहिल्या अंकात लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये, पावसापासून आडोसा शोधणाऱ्या गर्दीत, फुले विकणारी एलायझा डूलिटल भेटते. दुसऱ्या अंकात ती उच्चारशास्त्राचा प्राध्यापक हेन्री हिगिन्स याच्या घरी येऊन थडकते. फुलांच्या दुकानात नोकरी हवी असेल तर बोलणे सुधारले पाहिजे, एवढा तिचा साधा हिशेब असतो. हिगिन्सचा हिशेब वेगळा. सहा महिन्यांत हिला बड्या घरची बाई म्हणून खपवून दाखवतो, अशी त्याची फुशारकी असते आणि कर्नल पिकरिंग त्यावर पैज लावतो. पडदा पडतो. तो पुन्हा वर जातो तेव्हा काही महिने उलटलेले असतात आणि हिगिन्सच्या आईच्या दिवाणखान्यात एलायझाची पहिली चाचणी सुरू होते. पुन्हा पडदा. चौथा अंक उघडतो तो मध्यरात्री. तिघे घरी परतलेले आहेत, पैज जिंकलेली आहे. शिकवणी कशी झाली आणि उच्चभ्रूंच्या मेळाव्यात एलायझाने बाजी कशी मारली, हे दोन्ही शॉने 1912 साली लिहिलेल्या मूळ नाटकात पडद्याआड ठेवले. रंगमंचावरची प्रेमविनोदिका चित्रपटात आणताना संवाद किती कापायचे आणि बाहेरची दृश्ये किती घालायची यावर बरीच चर्चा होते. माझ्या मते खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. नाटककाराने दोन अंकांच्या मध्ये जे लपवले, त्याचे चित्रपटाने काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर देताना चित्रपटकार नाटकाचा शेवटही ठरवून टाकतो, बहुतेक वेळा नकळत.

शॉने हे लपवले ते केवळ नेपथ्य बदलण्याची कटकट नको म्हणून, असे समजणे सोपे आहे. रंगमंचाची अडचण होतीच. पण चौथ्या अंकाची सुरुवात नीट पाहा. दोघे पुरुष थकूनभागून आले आहेत, जांभया देत आहेत, एकदाचे संपले म्हणून सुटकेचा श्वास टाकत आहेत. हिगिन्सला त्याच्या सपाता सापडत नाहीत. एलायझा उठते, सपाता आणते, मुकाट्याने त्याच्यासमोर ठेवते. त्याला सपाता दिसतात, त्या आणणारी दिसत नाही. तो आपल्या कष्टांविषयी आणि आपल्या कंटाळ्याविषयी बोलत राहतो. संध्याकाळभर जिने सगळे निभावले तिच्या नावाने कौतुकाचा एक शब्द नाही. मग त्याच सपाता ती त्याच्या अंगावर भिरकावते. हा प्रसंग इतका झोंबतो, कारण प्रेक्षकालाही तिचा विजय दिसलेला नाही. तिच्या यशाची हकीकत त्याच्यापर्यंत येते ती या दोन पुरुषांच्या तोंडून, आणि त्यांच्या हकिकतीत ती स्वतः जवळजवळ नाहीच. तिचे श्रम घरातल्या माणसांनी पाहिले नाहीत, तसे प्रेक्षकांनीही पाहिले नाहीत. शॉने प्रेक्षकालाच थोडा अपराधी करून ठेवला आहे.

आता शेवट. पाचव्या अंकात एलायझा आपल्या बापाच्या लग्नाला निघते. जाताजाता हिगिन्स तिला बाजारातून काय काय आणायचे ते सांगतो, जणू काही घडलेच नाही. ती ते धुडकावून निघून जाते. तो मात्र ती परत येईल या खात्रीत आहे. नाटक इथेच संपते, आणि शॉच्या लेखी गोष्ट स्पष्ट होती: ही मुलगी या माणसाशी लग्न करणार नाही. लोकांना ते पटले नाही. एप्रिल 1914 मध्ये लंडनच्या हिज मॅजेस्टीज थिएटरमध्ये नाटक आले तेव्हा हिगिन्सच्या भूमिकेत हर्बर्ट बीरबोम ट्री हे नट-व्यवस्थापक होते आणि एलायझा होत्या एकोणपन्नास वर्षांच्या मिसेस पॅट्रिक कॅम्बेल. शेवटच्या संवादानंतर, पडदा पडायच्या आधीच्या त्या जरा मोकळ्या क्षणात, ट्री एलायझाकडे फुले फेकू लागले. प्रेक्षक खूश, नाटककार संतप्त. नाटक 1916 मध्ये पुस्तकरूपाने आले तेव्हा शॉने त्याला एक लांबलचक गद्य पुरवणी जोडली आणि एलायझाचे लग्न नाटकात तिच्यावर भाळलेल्या भोळसट फ्रेडीशी लावून देऊन, त्यांना फुलांचे दुकानही थाटून दिले. नाटक संपल्यावर नाटककाराला असे वकीलपत्र घ्यावे लागते, तेव्हा प्रेक्षक ऐकत नसतो हे उघड आहे.

सिनेमाला शॉ बराच काळ बिचकून होता. मूकपटाच्या काळात त्याची नाटके पडद्यावर जाणे म्हणजे शब्दांवाचून शॉ, आणि त्यात उरणार काय? बोलपट आल्यावर तो तयार झाला, पण दुसऱ्या टोकाची अट घालून: माझा एक शब्द गाळायचा नाही. 1931 मध्ये त्याची एक छोटी एकांकिका, 'हाउ ही लाइड टू हर हजबंड', सेसिल लुइस या दिग्दर्शकाने याच अटीवर चित्रित केली. एक खोली, तीन पात्रे आणि बोलणे. चित्रपट पडला. कॅमेरा म्हणजे प्रेक्षागृहातली सर्वांत चांगली खुर्ची, असे मानून नाटक जसेच्या तसे उतरवले तर काय होते, याचा हा स्वच्छ पुरावा आहे. रंगमंचावर अंक संपून पडदा पडतो तेव्हा प्रेक्षक स्वतःच मधला काळ भरून काढतो. मध्यंतरात चहा पिताना तो मनातल्या मनात थोडे नाटक लिहीत असतो. चित्रपटात ती फट राहत नाही. एक दृश्य संपले की डोळ्यांना लगेच दुसरे हवे असते. 'सहा महिन्यांनंतर' अशी पाटी दाखवता येते, पण तिथे प्रेक्षकाला फसवल्यासारखे वाटते, कारण कॅमेरा कुठेही जाऊ शकतो हे त्याला ठाऊक असते. रंगमंचाला जी सवलत मिळते ती पडद्याला मिळत नाही.

ही अडचण ज्याने ओळखली तो गॅब्रिएल पास्कल, हंगेरीत जन्मलेला, खिशात फारसे पैसे नसलेला, पण बोलण्यात पटाईत असा निर्माता. 1935 मध्ये त्याने शॉकडून हक्क मिळवले. त्याआधी जर्मनीत आणि नंतर हॉलंडमध्ये 'पिग्मॅलियन'वर चित्रपट निघाले. शॉला ते मुळीच आवडले नाहीत. पास्कलचा इंग्रजी चित्रपट ऑक्टोबर 1938 मध्ये लंडनमध्ये झळकला. दिग्दर्शक दोन, अँथनी अ‍ॅस्क्विथ आणि हिगिन्सची भूमिकाही करणारा लेस्ली हॉवर्ड. एलायझा वेंडी हिलर. संकलक डेव्हिड लीन, म्हणजे पुढे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' करणारा. या मंडळींनी नाटकातल्या दोन्ही फटी भरल्या. शिकवणीची दृश्ये आली, झपाट्याने एकामागून एक येणारी. आवाज टिपणारी यंत्रे, तोंडात गोट्या धरून बोलण्याचा सराव (एक गोटी एलायझा गिळतेही, आणि हिगिन्सला काळजी नाही, त्याच्याकडे आणखी गोट्या आहेत), स्पेनमधल्या पावसाविषयीचे ते घोटून घ्यायचे वाक्य. हे वाक्य आज सगळ्या जगाला शॉचे म्हणून माहीत आहे, पण मूळ नाटकात ते नाही. ते या चित्रपटाचे अपत्य आहे. दुसरी भर म्हणजे राजदूतावासातला नृत्यसमारंभ. तिथे हिगिन्सचाच एक जुना विद्यार्थी, कार्पाथी नावाचा भाषातज्ज्ञ, एलायझाचे बोलणे ऐकून निर्वाळा देतो की ही हंगेरीची राजकन्या आहे, इतके निर्दोष इंग्रजी इंग्रज बोलतच नाहीत. निर्माता हंगेरियन होता हे लक्षात घेतले की विनोद आणखी खुलतो.

हा उत्कृष्ट सिनेमा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण या भरीचा परिणाम पाहा. नाटकात प्रेक्षक एलायझा आणि हिगिन्स यांना एकत्र पाहतो तो बहुतेक वेळ भांडताना. चित्रपटात तो त्यांना एकत्र राबताना पाहतो. दोन माणसे एका अवघड कामाला रात्रंदिवस जुंपलेली आहेत, चुकत आहेत, चिडत आहेत, आणि हळूहळू जमत चालले आहे. असे दृश्य पडद्यावर काही मिनिटे पाहिले की प्रेक्षक त्या दोघांची जोडी मनात लावून मोकळा होतो. त्यांच्यात प्रेमाचा एक शब्दही उच्चारला गेला नसला तरी चालते. त्यात जवळून टिपलेले चेहरे. समारंभात जिना चढणारी वेंडी हिलर आणि तिच्याकडे नजर लावून असलेला हॉवर्ड, या दोन चेहऱ्यांमधले अंतर कॅमेरा असे काही मिटवून टाकतो की शॉच्या पाचव्या अंकातले सगळे युक्तिवाद त्यानंतर उशिरा आलेल्या साक्षीसारखे वाटतात. आणि शेवट? एलायझा निघून गेल्यावर हिगिन्स एकटा घरी येतो. चुकून सुरू झालेल्या यंत्रातून तिचा पहिल्या दिवशीचा, गावंढळ उच्चारांचा आवाज येऊ लागतो. तो ऐकत उभा राहतो. यंत्र बंद होते आणि तेच वाक्य पुढे दारातून ऐकू येते: ती परत आली आहे. तो वळत नाही, टोपी पुढे ओढून खुर्चीत रेलतो आणि सपाता कुठे आहेत असे विचारतो. चित्रपट संपतो. हा शेवट कशाने घडवला आहे, ते पाहण्यासारखे आहे. शिकवणीच्या खोलीतले यंत्र, शिकवणीतला आवाज. जे सहा महिने नाटकात नव्हते, तेच इथे तिला परत घेऊन येतात.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: गोड शेवट निर्मात्याला गल्ल्यासाठी हवा होता, कॅमेऱ्याला कशाला दोष देता? गल्ल्याचा विचार झाला असणारच. शॉने चित्रपटासाठी वेगळा शेवट लिहून दिला होता, त्यात फ्रेडी आणि एलायझा यांचे फुलांचे दुकान होते. तो वापरला गेला नाही. पण समजा, वापरला असता, तर तो पटला असता का? नृत्यसमारंभ पाहून आलेल्या प्रेक्षकाला फ्रेडी हा नवरा म्हणून दाखवणे म्हणजे पुरणपोळीच्या ताटात शेवटी भाकरीचा तुकडा वाढणे. भाकरी वाईट नसते, पण जेवण वेगळ्या वळणाने गेलेले असते. शेवट ठरला होता तो आधीच, लीनच्या संकलनाच्या टेबलावर. शेवटच्या दृश्याने त्यावर फक्त सही केली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ट्रीने 1914 मध्येच फुले फेकली होती, तेव्हा तर कॅमेरा नव्हता. म्हणजे हा माध्यमाचा गुण नाही, प्रेक्षकांची आवडच तशी आहे. आवड तशी आहे, हे मान्य. पण ट्रीला ते साधण्यासाठी संहितेच्या बाहेर जावे लागले. शेवटचा शब्द उच्चारून झाल्यावर, शब्द नसलेल्या एका क्षणात त्याला चोरटे काम करावे लागले. कोणत्याही दुसऱ्या नटाला दुसऱ्या दिवशी ते टाळता येत होते. नाटकाचा प्रयोग रोज नव्याने होतो आणि संहिता तशीच राहते, त्यामुळे शॉ पुरवणी लिहून भांडू शकला. चित्रपटाचा प्रयोग एकदाच होतो. ट्रीची फुले त्या प्रयोगाबरोबर सुकली, हॉवर्डची टोपी 1938 पासून तशीच पुढे ओढलेली आहे.

तिसरा मुद्दा संगीतिकेचा. 'माय फेअर लेडी' 1956 मध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आली, आणि तिथेही एलायझा परत येते. म्हणजे पुन्हा रंगमंचच! पण ही संगीतिका शॉच्या नाटकापेक्षा पास्कलच्या चित्रपटाची वंशज आहे. गीतकार-लेखक अ‍ॅलन जे लर्नर यांनी पुढे आपल्या आठवणींत सांगितले आहे की, हे नाटक संगीतिकेत बसवण्याची किल्ली सापडली ती दोन अंकांच्या मध्ये जे घडते ते रंगमंचावर आणायचे ठरवल्यावर. याहून चांगला साक्षीदार मला मिळणार नाही. त्या फटीत त्यांनी काय घातले? शिकवणीतले अवघड वाक्य अखेर जमते, तिघे आनंदाने गाऊ लागतात, हिगिन्स एलायझाला धरून नाचतो, आणि पाठोपाठ येते रात्रभर नाचण्याविषयीचे तिचे गाणे, जे प्रेमगीत नाही असे म्हणण्याची हिंमत कोणी करणार नाही. इतके झाल्यावर ती परत न येती तर प्रेक्षकांनी तिकिटाचे पैसे मागितले असते. जॉर्ज क्यूकरने 1964 मध्ये याचा चित्रपट केला. त्याला आठ ऑस्कर मिळाली. त्यात एक गंमतही आहे: माणसाचा आवाज म्हणजेच त्याची ओळख, असे सांगणाऱ्या या कथेत ऑड्री हेपबर्नच्या तोंडची बहुतेक गाणी मार्नी निक्सनने गायली आहेत.

आपल्याकडे या नाटकाचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला, आणि तो या युक्तिवादाला उपयोगी पडतो. पु. ल. देशपांडे यांचे 'ती फुलराणी' 1975 मध्ये रंगमंचावर आले. मंजुळा भक्ती बर्वे, प्राध्यापक सतीश दुभाषी. शिकवणीची फट पुलंनाही जाणवली असावी, कारण त्यांनी तिथे एक अशी गोष्ट घातली जी शॉमध्ये नाही: एकट्या मंजुळेचे, प्राध्यापकाचा सूड कसा उगवीन याची स्वप्ने रंगवणारे स्वगत. त्याचा धागा 'माय फेअर लेडी'मधल्या एका गाण्यापर्यंत नेता येतो, पण ते उभे राहते ते मंजुळेच्या अस्सल बोलीवर. भक्ती बर्वे यांच्या त्या स्वगताची आठवण प्रयोग पाहिलेली माणसे आजही काढतात. आता तुलना करा. पास्कलच्या चित्रपटाने ती फट दोघांच्या एकत्र श्रमांनी भरली, पुलंनी ती तिच्या एकटीच्या रागाने भरली. प्राध्यापक तिथे नाही. शिकवणीच्या काळात काय चालले होते ते आपल्याला कळते, पण तिच्या बाजूने, आणि सहानुभूती वाटली न जाता एका ठिकाणी गोळा होते. फट भरली की प्रेमकथा होणारच असा काही नियम नाही. कोणाला सोबत घेऊन भरली, यावर ते अवलंबून आहे. स्वगत हे रंगमंचाचे हत्यार आहे, चित्रपटाला ते सहज पेलत नाही, ही अडचण मात्र खरी. बासू चटर्जींच्या 'मनपसंद'मध्ये (1980) देव आनंद दातवण विकणाऱ्या टीना मुनीमला गायिका करायला निघतो, आणि शिकवणी अर्थातच गाण्यात जाते. हिंदी सिनेमात गाणे दोघांचे झाले की पुढचे सगळे ठरलेलेच. मराठीत 2023 मध्ये विश्वास जोशी यांनी 'फुलराणी' केला. नायिका प्रियदर्शिनी इंदलकर, घडवणारा सुबोध भावे. तिथे कसोटी सौंदर्यस्पर्धेची आहे, आणि तीही दाखवावीच लागते. चित्रपटात स्पर्धा पडद्याआड ठेवून कसे चालेल?

मग चित्रपटाने फटी तशाच सोडाव्यात काय? त्याचेही उदाहरण आहे, आणि तेही अ‍ॅस्क्विथचेच. 1952 मध्ये त्याने ऑस्कर वाइल्डच्या 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट'चा चित्रपट केला. तो सुरू होतो नाट्यगृहात: प्रेक्षक बॉक्समध्ये येऊन बसतात आणि पडदा वर जातो. तुम्ही नाटक पाहत आहात, हे त्याने आधीच कबूल केले. मग दोन अंकांमधल्या काळाविषयी कोणी तक्रार करत नाही. वाइल्डला ते चालते, कारण तिथे फटीत काही दडलेलेच नाही, सगळे संवादांत आहे आणि जोड्या शेवटी लागणारच असतात. शॉच्या नाटकात मात्र सगळा दाह त्या फटीत आहे, म्हणून ती युक्ती इथे कामाची नव्हती.

शेवटचा आक्षेप खुद्द लेखकाचा. शॉने या नाटकाला 'पाच अंकी रोमान्स' असे उपशीर्षक दिले होते, नृत्यसमारंभाचे दृश्य चित्रपटासाठी त्यानेच लिहिले होते, आणि पटकथेचे ऑस्कर 1939 मध्ये त्याला आणि सहलेखकांना मिळाले. नोबेल आधीच 1925 चे होते. मग त्याच्या वतीने आपण का रडावे? रोमान्स या शब्दाचा त्याचा अर्थ होता अद्भुत कायापालट, लग्न नव्हे. बाकीचे उत्तर त्याने स्वतःच 1941 च्या आवृत्तीत छापून ठेवले आहे. चित्रपटासाठी लिहिलेली दृश्ये त्याने नाटकात घेतली, पण ताऱ्यांच्या खुणांमध्ये, साध्या रंगमंचाने ती गाळावीत अशा सूचनेसह. शिकवणीचा एक नमुनाही दिला. त्यात गोट्या नाहीत, नाच नाही. मुळाक्षरांचा एकच धडा आहे, हिगिन्स खेकसतो आहे, आणि एलायझा हुंदके देत खोलीबाहेर पळते. शेवटही त्याने बदलला: ती फ्रेडीशी लग्न करणार म्हणून हिगिन्स एकटाच मोठमोठ्याने हसत राहतो आणि पडदा पडतो. सपाता कुठे आहेत, हे त्या आवृत्तीच्या शेवटच्या पानावर कोणीही विचारत नाही.